आधी पाय दाखव: शंभर वर्षांपूर्वीची रेसिंग कार मेकॅनिकच्या नजरेने

मागच्या रविवारी संध्याकाळी गॅरेजचं शटर अर्धं ओढलं होतं, हात धुवायचे बाकी होते आणि भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो जर्मनीत शिकायला आहे, फ्रान्सची बॉर्डर तिथून जवळच, तर सुट्टी बघून तो मुलूझ गावातल्या मोटार म्युझियमला गेला होता. बुगाटी गाड्यांचा जगातला सगळ्यात मोठा साठा तिथे आहे. कॉल उचलला तर समोर एक निळी गाडी, आणि हा विचारतोय, "मामा, हाई काय शे, सांगा बरं!"

मला बघताक्षणी कळलं. बुगाटी कंपनीची 1924 सालची रेसिंग गाडी, टाइप 35. गेली वीस-पंचवीस वर्षं या गाडीचे फोटो बघतोय, ड्रॉइंगं बघतोय, पण कोणीतरी आपलं माणूस तिच्यापासून दोन हातावर उभं आहे हे पहिल्यांदाच. तो उत्साहाने बोनेट दाखवत होता, समोरची जाळी दाखवत होता. मी म्हटलं, "तोंड नंतर दाखव रे, आधी पाय दाखव."

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना बघितलंय ना कोणाला? दत्तजयंतीला तापीकाठी तो बाजार भरतो, लांबलांबून घोडे येतात, आणि ज्याला कळतं तो माणूस घोड्याची आयाळ, रंग वगैरे नंतर बघतो. आधी खाली वाकतो. खूर, गुडघे, पाय टाकायची पद्धत. मग घोडा पळवून बघतो. ही गाडीसुद्धा तशीच बघायची असते, आणि मला वाटतं ती इतकी देखणी का दिसते याचं उत्तर तिथेच खाली आहे. लोक म्हणतात जुन्या रेसिंग गाड्या सुंदर असतात, पण का असतात ते कोणी नीट सांगत नाही, नुसतं "काय क्लासिक लुक आहे" म्हणून सोडून देतात. या गाडीत जे डोळ्याला आवडतं ते जवळजवळ सगळं काहीतरी काम करतंय, आणि ते काम उघड्यावर चाललेलं असल्यामुळे आपल्याला नुसतं बघून समजतं. तेच सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

तर पाय. भाच्याने दोरीच्या अलीकडून मोबाईल खाली धरला आणि झूम केलं. पुढचा ऍक्सल, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या भाषेत आख, चकचकीत, गोल, मधला भाग जाड आणि दोन्ही बाजूला बारीक होत गेलेला. आणि कमानपाटे, म्हणजे धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे, त्या आखाच्या खालून किंवा वरून बांधलेले नाहीत, ते आखाच्या आतून आरपार गेलेत. आखाला चौकोनी खिडकी पाडलीय आणि पाटे त्यातून ओवलेत, सुईत दोरा ओवावा तसे. भाचा म्हणाला, "मामा, आख कमजोर नाही होणार का असा भोक पाडून?" बरोबर शंका आहे. पण पुढची गोष्ट ऐका, हा आख आतून पोकळसुद्धा आहे! आधी पोकळ करून घेतला, मग तापवून ठोकून आकार दिला, आणि जिथे जोर पडतो तिथेच माल ठेवला.

आता पोकळ का केला हे समजायला आपल्या काळ्या जमिनीत जायला लागेल. जुलैत चांगला पाऊस झाल्यावर केळीच्या बागेतून चालून बघा. दहा पावलात चपलेला दोन-दोन किलो चिखल चिकटतो आणि पाय उचलताना जीव जातो. तेवढंच चार किलोचं गाठोडं पाठीवर घेतलं तर काही वाटतसुद्धा नाही, कारण ते वजन प्रत्येक पावलाला उचलून आपटावं लागत नाही. गाडीचं तसंच असतं. चाक, ब्रेक, आख हे सगळं कमानींच्या खाली असतं, प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक दगडाला हे वजन वर उडतं आणि खाली आपटतं. ते जास्त असेल तर चाक जमिनीवर बसतच नाही, सारखं उड्या मारतं, आणि हवेत असलेलं चाक ना वळतं ना ब्रेक लागतो ना ओढतं. म्हणून कमानीखालचा एक किलो वाचवला तर तो बॉडीतल्या कितीतरी किलोंपेक्षा जास्त मोलाचा. 1924 साली रेसचे रस्ते म्हणजे खडी आणि धूळ, आपल्याकडचे शेतरस्ते बरे म्हणायची वेळ. पाटे आखातून ओवल्यामुळे ते बाहेर लोंबकळणारे बोल्ट-क्लॅम्पही गेले आणि पुढून बघितलं तर सगळं एका रेषेत, कसं साफ दिसतं.

मग चाक. इथे मी भाच्याला पाच मिनिटं हलूच दिलं नाही.

आपल्या बैलगाडीच्या चाकात मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर पुठ्ठे आणि त्यावर लोखंडी धाव. धाव लाल तापवून चढवायची आणि लगेच पाणी मारायचं, ती आक्रसते आणि सगळं चाक आवळून धरते. लाकडी आऱ्यावर वजन दाबून पडतं, म्हणून तो जाड लागतो. त्या काळच्या बाकीच्या रेसिंग गाड्यांना सायकलसारखी तारांची चाकं होती, तिथे तारा ताणून वजन लटकवलेलं असतं, त्यामुळे हलकी, पण तारा ढिल्या पडतात, तुटतात, तपासत राहावं लागतं. बुगाटीने तिसरंच केलं. ऍल्युमिनियमचं अख्खं चाक ओतलं, आठ चपटे रुंद आरे, आणि ब्रेकचा ड्रम त्या चाकातच ओतलेला! म्हणजे चाक आणि ड्रम एकच वस्तू. रिमच्या कडेने बारीक स्क्रूंची रांग, ती रिमची कडा पकडून ठेवायला.

याचे फायदे मेकॅनिकला पटकन कळतात. ब्रेक मारला की ड्रम तापतो, घाट उतरताना आपण सगळ्यांनी तो जळका वास घेतलाय, तापला की ब्रेक पकडत नाही. लोखंडापेक्षा ऍल्युमिनियम उष्णता फार लवकर पळवतं, इथे ड्रमची उष्णता थेट आऱ्यांमधे जाते आणि ते चपटे आरे फिरताना हवा ढवळतात, पंख्यासारखे. दुसरं म्हणजे टायर बदलायला चाक काढलं की ड्रमही निघून येतो आणि ब्रेकचे शू डोळ्यासमोर उघडे. लायनर किती घासलंय ते एका नजरेत कळतं, वेगळा ड्रम खोलायची गरज नाही. शर्यतीत पिटमधे, म्हणजे गाडी मधेच दुरुस्तीला थांबते तिथे, उभ्या असलेल्या माणसाला याची किंमत विचारा. मी रोज ड्रम काढतो, गंजून अडकलेला ड्रम हातोडीने ठोकत बसतो, मला ते चाक बघून खरंच हात जोडावेसे वाटतात.

आता हे चाक कोणीतरी सुंदर दिसावं म्हणून काढलं होतं का? माझं मत, दोन्ही एकदमच झालं. एटोरे बुगाटी 1881 ला मिलानला जन्मला, वडील कार्लो नावाजलेले फर्निचर बनवणारे, भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं करणारा, सगळं घर कलाकारांचं. त्याने 1909 ला मोल्सहाइम गावी कारखाना टाकला, तेव्हा तो भाग जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधे आला. हा माणूस घोड्यांचा शौकीन होता, आणि त्याच्या गाड्यांच्या रेडिएटरचा आकार बघा, घोड्याच्या नालेसारखा. त्याच्या गाड्यांना 'अस्सल रक्ताची' म्हणायचे, जातिवंत घोड्याला म्हणतात तसं. सारंगखेड्याला आला असता तर रमला असता.

चेसिसकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे येऊ. ट्रकची चेसिस बघितली तर दोन पट्ट्या पुढपासून मागपर्यंत बऱ्यापैकी एकसारख्या. या गाडीच्या चेसिसच्या पट्ट्या मधे उंच आणि पुढच्या टोकाला निमुळत्या होत जातात. बैलाचं जू आठवा, मधे जाड, टोकाला बारीक, कारण मोडायचा जोर मधे जास्त येतो. जिथे जोर नाही तिथे लोखंड कशाला वाहून न्यायचं? आणि पट्ट्या वरून बघितल्या तर बॉडीच्या आकाराबरोबर रुंद होतात आणि मागे परत जवळ येतात, म्हणून बॉडी चेसिसवर ठेवलेल्या पेटीसारखी वाटत नाही, अंगावर कातडी असावी तशी बसते. मागच्या कमानी तर उलट्या लावल्यात, पाट्याचं जाड टोक चेसिसच्या मागच्या टोकाला पकडलेलं आणि बारीक टोक पुढे येऊन ऍक्सलला, त्यामुळे मागचा भाग निमुळता करता आला.

तो निमुळता भाग म्हणजे गाडीची शेपटी. यावर भाचा म्हणाला की टोक मागे कशाला, हवा तर पुढून लागते, टोक पुढे पाहिजे ना. हा गैरसमज फार जणांचा आहे. तापीला पूर असताना पुलावर उभं राहून खांबाकडे बघा. पाणी पुढून आदळतं हे दिसतं, पण खरा गोंधळ खांबाच्या मागे असतो, तिथे भोवरे पडतात, पाणी गरगरतं, कारण खांबाच्या दोन्ही बाजूंनी फुटलेलं पाणी मागे एकदम मिळू शकत नाही. हवेचंही असंच. गाडी पुढून हवा बाजूला करते, ती मागे नीट जोडली गेली नाही तर मागे दाब कमी होतो आणि ती पोकळी गाडीला मागे खेचत राहते. निमुळती शेपटी हवेला हळूहळू जवळ आणते. अर्थात चाकं उघडी असल्याने तिथे भोवरे पडतातच, त्यामुळे शेपटीने सगळं साधलं असं नाही, पण तिच्या आत पेट्रोलची टाकी बसवली, म्हणजे जागाही वाया गेली नाही.

इंजिन मात्र भाच्याला दाखवता येईना, बोनेट बंद. मग मी तोंडी सांगितलं.

तेव्हाचा नियम होता की इंजिन 2 लिटरच्या आत पाहिजे. म्हणून याचं 1991 सीसी. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येक पिस्टन फक्त 60 मिलिमीटरचा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचं वरखाली जायचं अंतर, 88. बोनेट लांब का, तर आठ सिलिंडर एकामागे एक उभे आहेत म्हणून, उगाच ऐट नाही. आणि आठच का केले, चार मोठे का नाही? साधं आहे. ताकद दोन गोष्टींनी येते, एका फेरीत किती जोर लागतो आणि मिनिटाला किती फेऱ्या होतात. आमच्याकडे येणारा 50 एचपीचा ट्रॅक्टर, इंजिन 3 लिटरच्या आसपास, पण फिरतो 2000 ते 2200 आरपीएमला. त्याला जोर पाहिजे, नांगर ओढायचाय, फेऱ्यांची घाई नाही. बुगाटीला 2 लिटरमधूनच ताकद काढायची तर फेऱ्या वाढवणं हाच मार्ग. मोठा जड पिस्टन इतक्या वेगाने वरखाली पळवला तर रॉड तोडून बाहेर येईल, छोटा हलका पिस्टन पळतो. म्हणून आठ छोटे. त्यातून साधारण 90 एचपी निघायची, 6000 आरपीएमपर्यंत फिरवून, आणि गाडीचं वजन साधारण 750 किलो. आपला ट्रॅक्टर दोन टनांच्या पुढेमागे असतो, त्यावरून अंदाज घ्या.

6000 आरपीएम 1924 साली सोपं नव्हतं. तेव्हाची तेलं आजच्यासारखी नव्हती, आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा, ज्या बेरिंगवर फिरतो ती वितळायची. ट्रॅक्टरचा क्रँक तुम्ही बघितला असेल, अख्खा एक तुकडा, आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक दोन भागात, बोल्टने आवळायचं, आत बेरिंगच्या पातळ पाट्या. ती पाटी तेलाच्या पातळ थरावर तरंगते, तेल कमी पडलं की संपलं. बुगाटीने रॉडला रोलर बेरिंग घातलं, मुख्य बेरिंगही बॉल आणि रोलरची, एकूण पाच. पण रोलरवाला रॉड एकाच तुकड्याचा पाहिजे, मग तो क्रँकवर चढवायचा कसा? तर क्रँकच तुकड्यातुकड्याचा केला, आणि रॉड आत घालून मग क्रँक जोडला. ज्यांनी आरएक्स हंड्रेड मोटारसायकलचं इंजिन उघडलंय त्यांना लगेच कळेल, तिथेही रॉड एकसंध असतो आणि क्रँक दाबून जोडलेला. एका सिलिंडरचा क्रँक सरळ बसवताना आमच्या हाताला घाम येतो, लेथवर लावून डायल गेज बघत हळूच ठोकावं लागतं, आणि इथे आठ सिलिंडरचा! शंभर वर्षांपूर्वी! मला या गाडीतलं सगळ्यात मोठं काम कुठलं विचाराल तर मी हाच क्रँक सांगेन, आणि तो कोणाला दिसतही नाही.

हे महाग काम होतं, म्हणून पुढे त्यांनी साधी बेरिंग घालून स्वस्तातली 35 ए काढली. लोकांनी तिला 'टेक्ला' नाव पाडलं, टेक्ला म्हणजे तेव्हा खोट्या मोत्यांचे दागिने विकणाऱ्यांचं नाव. खोटा मोती म्हणा ना. तरी ती चालली.

एक तक्रार माझी पण आहे. याचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वेगळं निघत नाही, ब्लॉक आणि हेड एकत्रच ओतलेलं, चार-चार सिलिंडरचे दोन ब्लॉक. हेड गॅस्केट नाही त्यामुळे ते फुटायची भानगड नाही हे खरं, पण व्हॉल्व्हचं काम काढायचं तर अख्खा ब्लॉक उचलायचा. सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, दोन आत घ्यायचे, एक बाहेर सोडायचा, म्हणजे एकूण 24. मेकॅनिक म्हणून मला हे पटत नाही. पण बाहेरून ते इंजिन बघाल तर चौकोनी, सपाट, हाताने घासून पृष्ठभागावर बारीक नक्षी उठवलेली, कुठे पाइपांचं जंजाळ नाही. असं इंजिन मी ट्रॅक्टरमधे बघितलं असतं तर तेलाचा डाग पडू दिला नसता.

पहिली शर्यत मात्र फसली. 3 ऑगस्ट 1924, लिऑनची फ्रेंच ग्रां प्री. अंतर साधारण 810 किलोमीटर, म्हणजे जळगावहून मुंबईला जाऊन जवळपास परत यायचं, एका दिवसात, खडीच्या रस्त्यावर, आणि जिंकणाऱ्याला सात तासांवर लागले. पाच बुगाटी उतरल्या, नव्याकोऱ्या, सगळ्यांनी तोंडात बोटं घातली, आणि टायरचं रबर सोलून निघायला लागलं. सगळ्यात चांगला नंबर सातवा. जिंकली अल्फा रोमिओ, कॅम्पारी चालवत होता. त्या अल्फाला सुपरचार्जर होता. लोहाराचा भाता कसा विस्तवात हवा कोंबतो, तसं हे यंत्र इंजिनवरच फिरून सिलिंडरमधे जबरदस्तीने हवा कोंबतं, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. एटोरेला हे सुरुवातीला मान्यच नव्हतं, पण शेवटी 1926 ला त्याने सुपरचार्जर घेतला आणि पुढे 35 बी मधे इंजिन 2.3 लिटरचं झालं.

त्यानंतर गाडीने जे केलं ते बघा. सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ, 108 किलोमीटरचा एक फेरा, असे पाच, नुसती वळणं. तोरणमाळचा घाट दिवसभर वरखाली करत राहायचा असं समजा. ती शर्यत बुगाटीने 1925 ते 1929 सलग पाच वर्षं जिंकली. तिथे ताकदीपेक्षा वळणात गाडी हातात राहणं महत्त्वाचं, आणि वर सांगितलेला पोकळ आख, हलकं चाक, तापत नसलेला ब्रेक यांचं तिथे सोनं झालं. 1928 ला चेक ड्रायव्हर एलिश्का युनकोव्हा ही बाई याच जातीची गाडी घेऊन तिथे उतरली. रस्ता पायी चालून तिने आधी पाठ केला होता, शर्यतीत काही काळ ती सगळ्यांच्या पुढे होती, शेवटी पाचवी आली. मला तिची गोष्ट जिंकलेल्यांपेक्षा जास्त आवडते.

1929 ची पहिली मोनॅको ग्रां प्री पण बुगाटीचीच. शहराच्या गल्लीबोळातली शर्यत, विल्यम्स नावाचा ड्रायव्हर हिरव्या रंगाची 35 बी घेऊन. समोर काराचोला, 7 लिटरची भलीमोठी मर्सिडीज. तिप्पट इंजिन, आणि तिसरा नंबर. रंगाचं म्हणाल तर तेव्हा देशाचा रंग ठरलेला असायचा, फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा. म्हणून बहुतेक बुगाटी निळ्या, आणि विल्यम्सची हिरवी. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्समधे राहून जर्मनांविरुद्ध गुप्त काम करत होता, पकडला गेला आणि छावणीत मारला गेला.

या गाड्या कारखान्याच्या टीमपुरत्या नव्हत्या हेही ध्यानात घ्या. पैसे असलेला कोणीही विकत घेऊ शकत होता, रस्त्याने चालवत शर्यतीला न्यायचा, पळवायचा आणि त्याच गाडीने घरी यायचा. सगळे प्रकार मिळून काही शेकडो गाड्या बनल्या, पण छोट्यामोठ्या मिळून हजारावर शर्यती या गाडीने जिंकल्या.

भाच्याने शेवटी विचारलं की आजच्या रेसिंग कार याच्या दुप्पट वेगाने जातात, मग त्या बघून असं का नाही वाटत? मी त्याला म्हटलं, आजच्या गाडीचं खरं काम हवेत चालतं, आणि हवा दिसत नाही. 1960 च्या दशकाच्या शेवटी गाड्यांना पंख लागले, हवेने गाडी जमिनीवर दाबायची, त्याआधी इंजिन ड्रायव्हरच्या मागे गेलं. आता प्रत्येक कोपरा कॉम्प्युटरवर हिशेब करून काढलेला असतो, बरोबरच असणार, पण बघणाऱ्याला तो तसा का आहे ते कळत नाही. टाइप 35 मधे गिअरचा दांडा आणि हँडब्रेक बॉडीच्या बाहेर, ड्रायव्हरचे खांदे, कोपर, चेहरा सगळं उघड्यावर, सीट बेल्ट नाही, टायर हातभर रुंदसुद्धा नाहीत, त्यामुळे वळणात गाडी चारही चाकांवर घसरते आणि तो माणूस स्टिअरिंग उलटं फिरवून, ऍक्सिलरेटर कमीजास्त करून तिला सावरतोय हे लांबून दिसतं. आज अर्जेंटिनात एक वर्कशॉप ही गाडी जुन्या पद्धतीने नव्याने हाताने बनवतं, चाकं ओतण्यापासून. लोक अजून घेतात.

म्युझियमवाल्यांनी बंद व्हायची वेळ झाली म्हणून सांगितलं. भाचा पुढच्या सुट्टीला मोल्सहाइमला जाणार आहे. मी त्याला बजावून ठेवलंय, पुढून फोटो खूप झाले, कुठे चाक काढून ठेवलेलं दिसलं तर आतल्या बाजूने फोटो काढ, तो ड्रम आऱ्यांना कुठे मिळतो तो सांधा मला बघायचाय.